मुक्त एर्लँगची पंचवीस वर्षे

डिसेंबर १९९८ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने एर्लँग ही आपली प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्याभोवती उभा केलेला ‘ओपन टेलिकॉम प्लॅटफॉर्म’, म्हणजे ओटीपी, मूळ सोर्स कोडसह सगळ्या जगासाठी खुला केला. कोणीही तो घ्यावा, वापरावा, वाचावा, बदलावा, बदललेला दुसऱ्याला द्यावा. त्यासाठी पैसे मोजायला नकोत. या घटनेला डिसेंबर २०२३ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ही वाटचाल मराठी वाचकांपुढे ठेवताना मनापासून आनंद होतो. हा विषय आपल्या घरापासून दूरचाही नाही. उद्या पाणी येणार नाही ही सोसायटीची सूचना, गावच्या जत्रेच्या वर्गणीचा हिशेब, परदेशातल्या नातवाचा फोटो, हे सगळे आपण ज्या वॉट्सॲपवरून पाठवतो त्याचे सर्व्हर एर्लँगवर उभे आहेत.

संस्थेचा इतिहास म्हटला की घटना, नोंदणी, कार्यकारी मंडळ हे ओघाने येते. एर्लँगच्या बाबतीत मंडळ फार उशिरा, २०१९ मध्ये आले. त्याआधी होती ती एका कंपनीतली प्रयोगशाळा, मग त्याच कंपनीतला एक छोटा विभाग, आणि मुक्ततेनंतर देशोदेशी विखुरलेले वापरकर्ते. या तिघांनी मिळून जे चालवले त्याला संस्था म्हणणेच योग्य आहे. मुक्ततेची वर्षे १९९८ पासून मोजली जातात खरी, पण जे मुक्त झाले ते काय होते हे कळण्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

१९८० ते १९८९ : प्रयोगशाळेतली वर्षे

लार्स मॅग्नस एरिक्सन यांनी १८७६ मध्ये स्टॉकहोमला तारयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान काढले, तिथून एरिक्सन कंपनीची सुरुवात झाली. बरोबर शंभर वर्षांनी, १९७६ मध्ये, कंपनीचे एएक्सई हे संगणकाच्या ताब्यात चालणारे टेलिफोन एक्स्चेंज सॉडरटेलिये गावी बसले. पुढे ते अनेक देशांत गेले. त्याचे प्रोग्राम प्लेक्स नावाच्या, कंपनीच्या स्वतःच्या भाषेत लिहिले जात. एएक्सईने कंपनीला नाव आणि पैसा दोन्ही मिळवून दिले. पण नवी सोय घालायची म्हटली की कोड वाढे, माणसे वाढत आणि वेळही वाढे. टेलिफोनचे प्रोग्राम लिहिण्याची याहून बरी रीत असेल का, हा प्रश्न हाती घेऊन १९८० च्या दशकात कंपनीतली संगणकशास्त्राची एक छोटी प्रयोगशाळा कामाला लागली. बियार्ने डेकर हे तिचे प्रमुख होते.

एक्स्चेंजचा प्रोग्राम आणि पगारपत्रकाचा प्रोग्राम यांत मोठा फरक आहे. एक्स्चेंजमध्ये हजारो माणसे एकाच वेळी बोलत असतात. एकाचा फोन तुटला तर बाकीच्यांना ते कळताही कामा नये. मशीन बंद करून दुरुस्ती करण्याची मुभा नसते, कारण कोणाचा तरी डॉक्टरला फोन चालू असतो. चूक सापडली तर चालत्या मशीनमध्येच कोड बदलावा लागतो. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी एक छोटे एक्स्चेंज समोर ठेवून साध्या टेलिफोन सेवेचा तोच तो प्रोग्राम अनेक भाषांत लिहून पाहिला. निष्कर्ष असा निघाला की काही भाषांत प्रोग्राम सुबक आणि आटोपशीर होतो, पण एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची सोय त्यांत नाही. आणि ज्यांत ती सोय आहे त्यांत बाकीचे गुण नाहीत.

१९८५ मध्ये जो आर्मस्ट्राँग या प्रयोगशाळेत आले. ते ब्रिटिश, शिक्षण भौतिकशास्त्राचे, आणि स्वीडनच्या वायकिंग उपग्रहाच्या सॉफ्टवेअरवर काम करून आलेले. टेलिफोनच्या हालचाली मांडायला त्यांनी स्वतःची एक सांकेतिक लिपी बनवली होती. ती जवळजवळ प्रोलॉग भाषेसारखीच आहे हे एका सहकाऱ्याने दाखवून दिले आणि १९८६ मध्ये प्रोलॉगमध्येच या नव्या भाषेचा पहिला अवतार तयार झाला. लवकरच रॉबर्ट विर्डिंग त्यांना येऊन मिळाले. दोघांनी एकमेकांचा कोड पुनःपुन्हा लिहून भाषा घासूनपुसून घेतली. वेग वाढवण्याची वेळ आली तेव्हा माइक विल्यम्स यांनी सी भाषेत तिचे आभासी यंत्र, म्हणजे तिचे प्रोग्राम चालवणारी प्रणाली, लिहिले. त्यांचा आग्रह मोजमापाचा होता: नवी प्रक्रिया (एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांपैकी एक) जन्माला घालायला किती वेळ लागतो, एकीवरून दुसरीकडे जायला किती, निरोप पोचवायला किती. भाषा चांगली की वाईट हे या आकड्यांवरून ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

भाषेला नाव दिले ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम केलेले डॅनिश गणिती आग्नर क्रारूप एर्लँग यांचे. एका वेळी किती फोन येतील आणि त्यांना किती तारा लागतील याचे गणित त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बसवले. टेलिफोनची वर्दळ आजही त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात.

भाषेची मूळ कल्पना थोडक्यात सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. एर्लँगचा प्रोग्राम हजारो, प्रसंगी लाखो हलक्या प्रक्रियांचा बनलेला असतो. प्रत्येकीची स्मृती स्वतंत्र. एकीने दुसरीच्या स्मृतीत हात घालायचा नाही. बोलायचे ते निरोप पाठवून. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे हे आहे: एका खोलीतला दिवा गेला तरी शेजारच्यांची पंगत थांबत नाही. प्रक्रियेत काही बिघडले तर तिने आडवळणाने सावरत बसू नये, सरळ कोसळावे. तिच्यावर लक्ष ठेवायला नेमलेली दुसरी प्रक्रिया तिला नव्याने उभी करील. चुका होणारच हे गृहीत धरून यंत्र चालू कसे राहील याचा विचार भाषेच्या पायातच केला गेला. माझ्या मते एर्लँगचे खरे मोठेपण इथे आहे, वेगात नाही.

पहिले बाहेरचे वापरकर्ते स्टॉकहोमजवळच्या बोलमोरा इथले एरिक्सनचेच टेलिफोन अभियंते. त्यांना भाषांचे फारसे कौतुक नव्हते, त्यांना एक्स्चेंजचा नमुना चालवून हवा होता. त्यांच्या गरजांप्रमाणे भाषेत गोष्टी आल्या आणि ज्या कोणी वापरत नाही त्या गेल्या. भाषा घडवणाऱ्यांची नावे पुस्तकांत आली. या पहिल्या वापरकर्त्यांची फारशी आली नाहीत. पण त्यांनी धीर धरला नसता तर एर्लँग प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिली असती.

१९९० ते १९९९ : उभारणी, बंदी आणि मुक्तता

हे दशक सर्वांत भरगच्च आहे.

१९९० मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्विचिंग परिषदेत एर्लँगचे प्रात्यक्षिक झाले. त्याच सुमारास प्रयोगशाळेने एक छोटा चित्रपटही तयार केला. त्यात हीच मंडळी एकमेकांना फोन लावतात, प्रोग्राममधली चूक शोधतात आणि चालू संभाषणे न तोडता एक्स्चेंजचा कोड बदलतात. प्रोग्रामरांच्या पिढ्यांनी तो आवडीने पाहिला आहे. १९९३ मध्ये आर्मस्ट्राँग, विर्डिंग आणि विल्यम्स यांचे पहिले पुस्तक आले. भाषा बाहेर विकायला, तिचे प्रशिक्षण द्यायला एर्लँग सिस्टिम्स ही शाखा निघाली. विक्री मात्र बेताचीच राहिली. एका टेलिफोन कंपनीची घरगुती भाषा पैसे देऊन विकत घ्यायला बाहेरच्या कंपन्या कचरत होत्या, आणि त्यांचे चूक होते असेही म्हणता येत नाही.

आतले काम जोमात चालू होते. क्लास विकस्ट्रॉम यांनी अनेक संगणकांवर पसरलेली एर्लँग शक्य केली, त्यामुळे एका मशीनवरची प्रक्रिया दुसऱ्या मशीनवरच्या प्रक्रियेला तितक्याच सहजतेने निरोप पाठवू लागली. बोगुमिल हाउसमन यांनी बीम हे नवे आभासी यंत्र लिहिले. आज एर्लँगच्या भावंड भाषांनाही ज्या नावाखाली एकत्र ओळखले जाते ते हेच बीम.

डिसेंबर १९९५ मध्ये एक मोठी उलथापालथ झाली. एएक्सईची जागा घेण्यासाठी एलेमटेल या एरिक्सनच्या भागीदारीतल्या कंपनीत वर्षानुवर्षे चाललेला एएक्सई-एन हा प्रचंड प्रकल्प बंद पडला. कंपनीला नव्या स्विचची, म्हणजे एक्स्चेंजची, निकड तर होती. १९९६ च्या सुरुवातीला नव्याने आखणी झाली आणि त्यासाठी निवड झाली एर्लँगची. आतापर्यंत एका छोट्या गटाची मानली गेलेली भाषा एकदम कंपनीच्या मोठ्या उत्पादनाचा पाया बनली. नुसती भाषा देऊन शेकडो अभियंत्यांना काम करता येत नाही. तयार साचे लागतात, देखरेखीची रचना लागते, डेटाबेस लागतो, कोड बदलण्याची ठरलेली पद्धत लागते. हे सगळे पुरवण्यासाठी वेगळा विभाग स्थापन झाला आणि ओटीपी जन्माला आला. प्रक्रियांच्या देखरेखीची झाडासारखी उतरंड, वारंवार लागणाऱ्या कामांचे साचे, नेझिया हा चालू असतानाच दुरुस्त करता येणारा डेटाबेस, हे सारे याच काळातले. एर्लँग शिकायला आठवडा पुरतो, ओटीपी अंगवळणी पडायला वर्ष लागते, असा या क्षेत्रातल्या अनेकांचा अनुभव आहे. आणि खरी संपत्ती ओटीपीतच आहे, हेही तेच सांगतात.

मार्च १९९८ मध्ये एएक्सडी ३०१ हा एटीएम (असिंक्रोनस ट्रान्सफर मोड) या दूरसंचार पद्धतीचा स्विच जाहीर झाला. त्यात एर्लँगच्या दहा लाखांहून अधिक ओळी होत्या. त्याच्या चाचणीतून नऊ नवांची उपलब्धता मिळाल्याचे सांगितले गेले, म्हणजे ९९.९९९९९९९ टक्के, वर्षाला एका सेकंदाचा साधारण तिसावा भाग इतकाच खंड. हा आकडा कसा मोजला यावर तज्ज्ञांत चर्चा झाली आणि अजूनही होते. पण त्यातला नववा नऊ बाजूला ठेवला तरी यंत्राचा टिकाऊपणा वादातीत आहे.

त्याआधी महिनाभरच, फेब्रुवारी १९९८ मध्ये, एरिक्सन रेडिओ सिस्टिम्स या कंपनीच्या मोठ्या शाखेने नव्या उत्पादनांत एर्लँग वापरू नये असा निर्णय घेतला होता. स्वतःची भाषा सांभाळण्यापेक्षा जगात चालणारी भाषा घ्यावी, हे धोरण त्यामागे होते. त्या वेळी कोणी काय म्हटले, कोणाचे मन दुखावले, याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. दोन्ही बाजूंची माणसे कंपनीचे भलेच पाहत होती. घरगुती भाषेवर विसंबून राहण्यात जोखीम असते हा मुद्दा खराच होता. आणि त्या मुद्द्याला सर्वांत नेमके उत्तर म्हणजे ती भाषा घरगुती राहू न देणे, हे प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ओळखले.

वर्ष अनुकूल होते. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करण्याचे जाहीर केले होते आणि लिनक्सची चर्चा मोठ्या कंपन्यांच्या बैठकांपर्यंत पोचली होती. ज्या उत्पादनांत एर्लँग आधीच होती त्यांना पुढेही आधार लागणार होता. भाषा बाहेर पसरली तर तो आधार कंपनीला एकटीने पेलावा लागणार नाही. शिवाय जी वस्तू विकली जात नव्हती ती खुली करण्यात तोटा फारसा नव्हता. ही बाजू वरिष्ठांपुढे मांडण्यात जेन वालरुड यांचा वाटा मोठा. एर्लँगच्या विपणनाचे काम त्या करत होत्या आणि परवानगी मिळेपर्यंत त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर डिसेंबर १९९८ मध्ये नेटस्केपच्या मोझिला परवान्यावर बेतलेल्या ‘एर्लँग पब्लिक लायसन्स’खाली सगळा संच बाहेर आला: भाषा, आभासी यंत्र, ओटीपी, डेटाबेस, दस्तऐवज. मोडकातोडका भाग देऊन चांगला भाग कंपनीने स्वतःकडे ठेवला, असे झाले नाही. बाहेरच्या प्रोग्रामरला तेच मिळाले जे एएक्सडी ३०१ च्या अभियंत्याला मिळत होते.

त्याच महिन्यात एर्लँग घडवणाऱ्या गटातले बहुतेक जण कंपनी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ब्लूटेल ही स्वतःची कंपनी काढली. वालरुड तिच्या प्रमुख झाल्या. अनेकांना वाटले की आता एरिक्सनमध्ये एर्लँगचा दिवा विझणार. तसे झाले नाही, कारण ओटीपी विभागातली माणसे जागच्या जागी राहिली. केनेथ लुंडिन यांनी त्या विभागाची धुरा सांभाळली, ब्यॉर्न गुस्तावसन यांनी बीमची, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथालये, चाचण्या, दस्तऐवज अशी न दिसणारी कामे. मुक्ततेच्या कथा सांगताना सोडून देणाऱ्याचे औदार्य आणि बाहेर पडणाऱ्यांचे धाडस यांचेच कौतुक होते. सांभाळत बसलेल्यांचे फार कमी होते. कोड खुला करून कंपनीने पाठ फिरवली असती, तर आज हा रौप्यमहोत्सव साजरा करायला कोणी उरले नसते असे मला ठामपणे वाटते.

२००० ते २००९ : बाहेरच्या जगात

ब्लूटेलचे सर्व्हर ढासळले तरी टपाल चालू ठेवणारे उत्पादन चांगले निघाले. २००० मध्ये अल्टिऑन वेबसिस्टिम्सने ती कंपनी १५ कोटी २० लाख डॉलरना विकत घेतली आणि थोड्याच दिवसांत अल्टिऑनला नॉर्टेलने घेतले. मुक्त झालेल्या भाषेवर व्यवसाय उभा राहू शकतो, याचा हा पहिला मोठा पुरावा ठरला.

विद्यापीठेही सरसावली. उप्साला विद्यापीठातल्या गटाने एर्लँगचा कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा हाइप हा कंपायलर लिहिला आणि तो ओटीपीत आला. चुका शोधणारे डायलायझर हे साधनही त्याच गटाची देणगी. कंपनीच्या भिंतीआडच्या कोडवर विद्यापीठाला असे काम करता आले नसते.

२००२ मध्ये अलेक्सी श्चेपिन यांनी ईजॅबरडी हा संदेशसर्व्हर लिहायला घेतला. एक रशियन प्रोग्रामर एका स्वीडिश टेलिफोन कंपनीच्या भाषेत निरोपांची देवाणघेवाण करणारा सर्व्हर लिहितो, याकडे त्या वेळी फार थोड्यांचे लक्ष गेले. आपल्या कथेत त्याचे महत्त्व पुढे कळेल.

२००३ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतून डॉक्टरेट मिळवली. सॉफ्टवेअरमध्ये चुका असतानाही भरवशाची यंत्रणा कशी बांधावी, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. २००४ मध्ये ते एरिक्सनमध्ये परतले. एर्लँग न वापरण्याच्या १९९८ च्या निर्णयाचे तोवर काही उरले नव्हते. मोबाइलवरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या जीपीआरएस यंत्रणेत एर्लँग केव्हाच रुजली होती.

या दशकातले खरे वळण आणले ते चिपच्या कारखानदारांनी. एका प्रोसेसरचा वेग वाढवत नेणे अवघड झाले, तेव्हा त्यांनी एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. बाकीच्या भाषांतल्या प्रोग्रामरांपुढे पेच पडला, कारण सामाईक स्मृतीवर अनेक धागे सांभाळणे हे महाकठीण काम. एर्लँगच्या प्रक्रिया मुळातच वेगवेगळ्या. मे २००६ मधल्या आवृत्तीत ओटीपी विभागाने बीमला अनेक प्रोसेसर वापरायला शिकवले आणि जुने प्रोग्राम फारसे न बदलता त्यांवर पसरू लागले. टेलिफोनसाठी वीस वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय नव्या यंत्रांना चपखल बसला.

२००७ मध्ये आर्मस्ट्राँग यांचे नवे पुस्तक आले आणि एर्लँगकडे नव्या पिढीची रांग लागली. कोचडीबी हा डेटाबेस, रॅबिटएमक्यू हा संदेशांची रांग सांभाळणारा सर्व्हर, २००८ मध्ये फेसबुकची चॅट, स्टॉकहोममध्ये २००५ साली सुरू झालेल्या क्लार्ना कंपनीची पैशांची उलाढाल, ही सगळी एर्लँगवर उभी राहिली. २००९ मध्ये भाषेला युनिकोडचा आधार मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ओटीपीचा कोड गिटहब या कोड-सहकार्याच्या संकेतस्थळावर आला, त्यामुळे बाहेरच्यांना दुरुस्त्या पाठवणे सोपे झाले. परवान्याने कोड १९९८ मध्येच खुला झाला होता. कामाची रीत खुली व्हायला आणखी अकरा वर्षे गेली. या विलंबाबद्दल विभागाला दोष देऊ नये. कंपनीच्या चालू एक्स्चेंजांत धावणारा कोड बाहेरून आलेल्या बदलांसाठी उघडा करायचा, तर आधी चाचण्यांची तटबंदी भक्कम असावी लागते.

२०१० ते २०१९ : घराघरांत

जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये वॉट्सॲप सुरू केले. निरोप पोचवण्यासाठी त्यांनी ईजॅबरडी घेतला आणि मग आपल्या गरजेप्रमाणे तो जवळजवळ नव्याने लिहिला. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले की त्यांचा एकेक सर्व्हर एका वेळी वीस लाखांहून अधिक जोडण्या पेलतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना वॉट्सॲप घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याचे दरमहाचे वापरकर्ते ४५ कोटी होते आणि अभियंते होते ३२. हे ३२ जण हुशार होते यात शंका नाही. पण त्यांच्या पाठीशी बोलमोराचे टेलिफोन अभियंते होते, एएक्सडी ३०१ ची फौज होती, पगार एरिक्सनचा घेऊन जगासाठी कोड लिहिणारा ओटीपी विभाग होता. वॉट्सॲपच्या मंडळींनीही बीममध्ये केलेल्या सुधारणा परत दिल्या.

भारत आज वॉट्सॲपचा सर्वांत मोठा वापरकर्ता देश आहे. किराणा दुकानदाराची यादी, शाळेचा गृहपाठ, बचतगटाची बैठक, वारीत चुकलेल्या माणसाचा शोध, शेतमालाचे भाव, दिवाळी अंकाचे लेख, यांतले आपल्याकडे त्यावरून काय जात नाही? १९८६ मध्ये स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत बसलेल्यांनी महाराष्ट्राचा विचार केला असण्याचे कारण नाही. टेलिफोन तुटू नये एवढाच त्यांचा ध्यास होता, आणि भाषा खुली झाल्यामुळे तो आपल्यापर्यंत पोचला.

ब्राझीलचे जोजे वालिम यांनी २०११ मध्ये बीमवर चालणारी एलिक्सिर ही नवी भाषा सुरू केली. २०१४ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. एर्लँगची प्रोलॉगच्या वळणाची लिहिण्याची धाटणी ज्यांना अवघड वाटे, त्यांना एलिक्सिरने आत आणले. तिच्यावर उभ्या असलेल्या फिनिक्स या वेबसाठीच्या चौकटीने वेबच्या प्रोग्रामरांचा मोठा वर्ग या कुटुंबात मिळवला. जुन्या मंडळींनी धाकट्या भाषेचे मनमोकळे स्वागत केले, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. आर्मस्ट्राँग यांनी एलिक्सिर शिकून तिच्याबद्दल लिहिले, व्याख्याने दिली. विर्डिंग जगभरच्या परिषदांतून दोन्ही भाषांच्या प्रोग्रामरांशी बोलत राहिले.

२०१५ च्या अठराव्या आवृत्तीपासून ओटीपीने आपला वेगळा परवाना सोडून सर्वांना परिचित असलेला अपाचे २.० परवाना स्वीकारला. कंपन्यांच्या कायदेशीर विभागांची शंका मिटली. २०१७ च्या विसाव्या आवृत्तीत मजकुराची हाताळणी सुधारली. ‘मी’ हे म आणि वेलांटी या दोन संकेतांचे अक्षर एकच अक्षर म्हणून मोजणारी नवी साधने आली. देवनागरीत काम करणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको.

२०१९ च्या आरंभी एर्लँग इकोसिस्टिम फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. बीमवरच्या सगळ्या भाषांचे वापरकर्ते, कंपन्या आणि प्रोग्रामर तिच्यात एकत्र आले. त्याच वर्षी २० एप्रिलला जो आर्मस्ट्राँग यांचे निधन झाले. हसतमुख, वाद घालायला सदैव तयार आणि नवख्याच्या प्रश्नाला तज्ज्ञाच्या प्रश्नाइतकेच मन लावून उत्तर देणारा हा माणूस. त्यांना या लेखातून आदरांजली.

२०२० पासून आजपर्यंत

फेब्रुवारी २०२० मध्ये वॉट्सॲपने दोनशे कोटी वापरकर्त्यांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले. मे २०२१ च्या चोविसाव्या आवृत्तीत बीमला धावता धावता प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर मिळाला. याआधी विभागाने असे प्रयत्न एकाहून अधिक वेळा केले होते आणि समाधान न झाल्याने बाजूला ठेवले होते. या वेळी तो जमला, आणि हाइपने सेवानिवृत्ती घेतली. एलिक्सिरच्या मंडळींनी २०२१ पासून एनएक्स आणि लाइव्हबुक ही साधने देऊन यंत्रशिक्षणातही पाऊल टाकले आहे. फाउंडेशनच्या कार्यगटांत दस्तऐवज, सुरक्षा, बांधणीची साधने, लहान उपकरणे अशा विषयांवर स्वयंसेवक काम करतात.

ओटीपी विभाग आजही एरिक्सनमध्येच, स्टॉकहोमला आहे. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास एक मोठी आवृत्ती, मध्ये काही छोट्या, आणि लागतील तशा दुरुस्त्या असा त्याचा परिपाठ आहे. एरिक्सनच्या मोबाइल यंत्रणांतही हाच कोड चालतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाने सुचवलेल्या दुरुस्तीचा फायदा कंपनीला होतो आणि कंपनीच्या चाचण्यांचा फायदा बाहेरच्यांना. १९९८ मध्ये जो सौदा मांडला गेला होता तो दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

महाराष्ट्रातल्या संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या अध्यापकांना एक विनंती करून थांबतो. समांतर आणि वितरित संगणन आपल्याकडे बहुधा फळ्यावर शिकवले जाते. त्या विषयाचे जगातले एक उत्तम, कसाला उतरलेले उदाहरण मूळ कोडसह फुकट उपलब्ध आहे. ते वाचा, चालवा, त्यातली एक प्रक्रिया मुद्दाम पाडून बाकीच्या कशा चालू राहतात ते वर्गात दाखवा. दस्तऐवजात चूक दिसली तर दुरुस्ती पाठवा; लहान दुरुस्त्याही तिथे तपासल्या जातात आणि स्वीकारल्या जातात. मराठीत या विषयावर एकही नीट पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही, ते कोणीतरी लिहायला घ्यावे. ओटीपीची सत्ताविसावी आवृत्ती मे २०२४ मध्ये आली.